सूत मारल्याची खूण

ओर्नेला म्हणाली, दिवा आडवा धर.
भिंतीला गाल टेकून बघावं, तसा.
समोरून धरलास तर नुसतं चित्र दिसेल.

फेब्रुवारी. उंब्रियातल्या टेकडीवरचं चॅपल,
सात बाकं, एक बंद पडलेला हीटर,
आणि परांचीवर आम्ही दोघी, बोटं बधिर.
भिंतीवर पाचशे वर्षांची मेजवानी:
डावीकडे बिशप, सावकार, त्यांचे कुत्रे, भाजलेला मोर,
उजवीकडे एकटी मोलकरीण, हातात पाण्याची सुरई.

मी रात्रीच मोजलं होतं.
रुंदी चारशे वीस, उंची दोनशे साठ.
भागाकार: एक पूर्णांक सहा एक पाच.
तीन हजारांश कमी पडत होते सुवर्ण गुणोत्तराला
आणि मला झोप आली नव्हती.

ओर्नेला हसली. तोंडातून वाफ.
तीस वर्षं भिंती खरवडतेय मी,
ज्याला जे हवं ते सापडतंच.
माझ्या गाडीच्या काचेतही सापडेल तुला.
सुतावरून स्वर्ग गाठू नकोस.

दुपारी फोस्को आला, वाळूची पाटी घेऊन.
त्याच्या घराण्यात सगळे गवंडी.
म्हणाला, रुंदी म्हणजे चेस्टनटचं खोड.
वरच्या रानात याहून लांब सरळ वासा मिळत नाही.
आणि उंची?
बर्फ पडलं असणार. माणसं घरी गेली.
इतकं म्हणून तो वाळू चाळायला बसला.

मग मी दिवा आडवा धरला.

आधी काही नाही. गिलाव्याचे सांधे,
एका दिवसात जेवढं ओलं राहील तेवढाच तुकडा,
तुकड्याशेजारी तुकडा, गोधडीसारखा.
मग एक सावली, केसाएवढी, उभी.
ओल्या चुन्यावर ताणून सोडलेल्या दोरीचा वळ.
डावीकडून दोनशे साठवर.

म्हणजे त्याने भागाकार केलाच नव्हता.
भिंतीच्या उंचीची दोरी घेतली
आणि ती खाली आडवी निजवली, बस.
जिथे संपली तिथे उभी रेघ.
उरलेल्या पट्टीत पुन्हा तेच: एकशे साठ.
मग शंभर. मग साठ. मग चाळीस.
चौकोनात चौकोन वळत वळत आत जातात
आणि जिथे आणखी मावत नाही
तिथे सुरईचा कान आहे, आणि त्यात तिची दोन बोटं.

मी ओरडलेच. खालून फोस्कोने विचारलं, पडलीस का?

ओर्नेला तोवर गुडघ्यांवर बसली होती,
रेघेच्या खालच्या टोकाशी, फरशीलगत.
ओळंबा लाव, म्हणाली.
लावला. रेघ सरळ नव्हती.
खाली दोन बोटं उजवीकडे सरकलेली.
आणि सरकली तिथे, चुन्यात रुतलेला
एक अंगठा.
लहान. दहा-अकरा वर्षांचा असेल.
वर उस्ताद दोरी ताणून उभा,
खाली टोक धरून हा (किंवा ही, कोण सांगणार),
आणि नेमक्या क्षणी
शिंक आली असेल, कुत्रं आलं असेल,
भूक लागली असेल.

चुना वाळायला लागला की पुन्हा वेळ नसतो.
उस्तादाने काय केलं, ते भिंतीवर आहे.
शिवी दिली असेल, ती भिंतीवर नाही.
त्याने मोलकरणीलाच दोन बोटं कलवलं,
कमरेत, सुरईच्या वजनाने कलावं तसं.
पोस्टकार्डावर लोक तेच बघतात.
बिशप ताठ, सावकार ताठ, मोरसुद्धा ताठ.
भार फक्त तिच्या अंगावर दिसतो.

ओर्नेलाने वहीत लिहिलं:
खूण क्रमांक एकोणचाळीस, भरू नये.
मग हातमोजा काढला,
आपला अंगठा त्या खळग्यापाशी नेला
आणि टेकवला नाही.

हीटर तेवढ्यात आपोआप सुरू झाला.
फोस्को खालून म्हणाला, बघा, मी काही केलं नाही.